पाय आपटणारा टॉम

गाणं रंगात आलं की बसल्या जागी आपला पाय हलायला लागतो. घरातली मोठी माणसं लगेच दटावतात, 'पाय हलवू नकोस रे.' कॅनडातल्या टॉम कॉनर्स या गायकाला कोणी दटावलं नसावं. या खोडीवरच त्याचं नाव झालं.

१९३६ चा जन्म. लहानपणी आईबरोबर फिरस्ती, मग प्रिन्स एडवर्ड आयलंडवर दत्तक गेलेला. कोवळ्या वयात घर सोडलं आणि गिटार घेऊन, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना हात करत देशभर भटकला. १९६४ मध्ये टिमिन्स या सोन्याच्या खाणींच्या गावात एका हॉटेलात बिअर मागितली, तर खिशात पाच सेंट कमी. काउंटरवरचा माणूस म्हणाला, दोन गाणी म्हण, बिअर देतो. तिथे तो पुढे वर्षभराहून जास्त गात होता!

खाणकामगारांनी भरलेल्या बारच्या गोंगाटात ताल ऐकू कसा जाणार? साथीला ढोलकीवाला नाही. टॉम बुटाची टाच जमिनीवर आपटायचा. जमीन खराब होते म्हणून तक्रारी आल्या, तेव्हा त्याने पायाखाली प्लायवूडची फळी घेतली. टाचेखाली तिचा भुसा पडायचा. पुढे अशा फळ्यांचे धर्मादाय कामांसाठी लिलावही झाले. 'स्टॉम्पिन टॉम', म्हणजे पाय आपटणारा टॉम, हे नाव पडलं १९६७ साली, तेही पीटरबरोच्या बारमध्येच.

गाणी कशावर? बटाट्याचा ट्रक टोरांटोला नेणारा ड्रायव्हर, सडबरीच्या निकेलखाणीतल्या कामगारांची शनिवारची रात्र, टिल्सनबर्गला तंबाखू खुडून मोडलेली पाठ. ही पाठ त्याची स्वतःची. शहरी जाणकारांना हे सगळं गावठी वाटायचं. वाटू दे. पंढरपूर आणि जेजुरी ही नावं काढून टाकली, तर आपली तरी लोकगीतं किती उरतील?

१९७८ मध्ये मात्र गड्याचं बिनसलं. देश सोडून अमेरिकेत धंदा करणाऱ्यांना कॅनडातले संगीताचे 'जूनो' पुरस्कार कशाला, म्हणत त्याने आपले सहाही जूनो परत पाठवले आणि दहाएक वर्षं घरी बसला. मुद्दा रास्त होता, पण रुसवा जरा जास्तच ताणला असं मला वाटतं. नुकसान ऐकणाऱ्यांचंच झालं.

१९७३ चं त्याचं आइस हॉकीवरचं गाणं तर जवळजवळ वीस वर्षं तसंच पडून होतं. १९९२ मध्ये ओटावाच्या सेनेटर्स संघाने ते सामन्यांना वाजवायला घेतलं आणि बघता बघता ते देशभर गाजलं. २०१३ मध्ये टॉम गेला. डोक्यावरची काळी हॅट त्याने कुणासाठीच उतरवली नाही. २००२ मध्ये इंग्लंडच्या राणीसोबत जेवायचं होतं, तेव्हा थेट राजवाड्याकडून परवानगी आणवली गेली, आणि गडी हॅट घालूनच जेवला.