क्लासच नाही म्हटल्यावर: गर्प्समधलं माझं पहिलं कॅरेक्टर

तीन वर्षं डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा भूमिकांचा खेळ) खेळल्यावर मला वाटायचं कॅरेक्टर (आपण ज्याची भूमिका करतो तो माणूस) बनवणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. क्लास, म्हणजे कामाचा तयार साचा, घ्यायचा, आकडे भरायचे, झालं. फायटर (लढवय्या) घेतला की पुढे उभं राहायचं, विझर्ड (जादूगार) घेतला की मागे, कोणाला काही समजवायला लागत नाही. १९७४ मध्ये तो खेळ आला तेव्हा तीनच क्लास होते, आता मूळ नियमांत बारा आहेत, पण गोष्ट तीच, कपडे आधीच शिवून ठेवलेत, तुम्ही फक्त माप सांगायचं.

मग आमच्या जीएमने (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा; मैत्रिणीचा मोठा भाऊ, आम्ही सगळे दादाच म्हणतो) जाहीर केलं की पुढचा खेळ गर्प्सवर, म्हणजे अशाच खेळांच्या दुसऱ्या नियमांवर. १९३० च्या आसपासचा काळ, मुंबईहून एडनला निघालेली मालवाहू आगबोट, त्यावर काहीतरी चोरटा माल. प्रत्येकाला १०० पॉईंट, क्लास नाहीत. मी विचारलं मग काय घ्यायचं? तर म्हणे "काहीही घे." हे "काहीही" मला नंतर चांगलंच भोवलं.

थोडक्यात सांगते. गर्प्स १९८६ पासून आहे, स्टीव्ह जॅक्सन गेम्सचा. चार मूळ आकडे, एसटी (ताकद), डीएक्स (चपळाई), आयक्यू (बुद्धी), एचटी (तब्येत), सगळे १० वर फुकट. एसटी आणि एचटी एकाने वाढवायला १० पॉईंट, डीएक्स आणि आयक्यूला २०. खेळताना तीन फासे टाकायचे आणि बेरीज तुमच्या स्किलच्या (कौशल्याच्या) आकड्याएवढी किंवा कमी आली की जमलं. स्किल १० असेल तर बरोब्बर अर्धी शक्यता, १२ ला ७४ टक्के, १४ ला ९० च्या वर. आणि गंमत म्हणजे दोष घेतले तर उलट पॉईंट मिळतात. हावरट, रागीट, जुगारी, जे हवं ते. दादाने मर्यादा ठेवली होती ५० ची, म्हणजे दोषांतून जास्तीत जास्त ५० परत.

मी काय केलं, सरळ एक्सेल उघडलं. डीएक्स १४ ला ८० पॉईंट, मग अंगाची सगळी स्किल्स स्वस्तात, चाकू १६, पिस्तूल १७, आवाज न करता चालणं १५. पॉईंट कमी पडले तसे दोष घेत गेले, हाव १५, रागीटपणा १०, रक्ताची चटक १०, उतावळेपणा १०, फाजील आत्मविश्वास ५. बरोब्बर ५०! स्वतःवरच खूश होऊन शीट पाठवली.

दादाचा फोन आला. "अगं हा माणूस बोटीवर चढेपर्यंत तरी जगेल का?" म्हटलं का, मारामारीत एक नंबर आहे. तर म्हणे प्रत्येक दोष आवरायला फासे १२ किंवा कमी यायला हवेत, म्हणजे ७४ टक्के, पाचही एकाच प्रसंगात आवरायचे म्हणजे ०.७४ पाच वेळा गुण, बघ किती येतं. २२ टक्के. म्हणजे कस्टमच्या माणसाने नुसता आवाज चढवला तरी माझा हिरो बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या कारणाने त्याच्या अंगावर धावून जाणार. मग दादाने विचारलं, हा बोटीवर येण्याआधी काय करायचा? माझ्याकडे उत्तरच नव्हतं. एक्सेलमध्ये तो कॉलम नव्हता ना.

दोन दिवस काहीच केलं नाही. मग आजीने सांगितलेलं आठवलं, की तिच्या गावचे, रत्नागिरीकडचे, बरेच जण बोटीवर जायचे आणि महिनोन्महिने घरी पत्ता नसायचा. बोटीवर खलाशांसाठी जेवण करणाऱ्याला भंडारी म्हणायचे (जात नव्हे, कामाचं नाव). म्हटलं हाच आपला माणूस. पन्नाशीचा, एक पाय अधू, स्वतःच्या हातचं खाऊन सुटलेला, पत्त्यांचा नाद, आणि पोरांवर जीव.

आणि खरं सांगते, पुढचं एका तासात झालं. आयक्यू १२ ला ४०, डीएक्स ११ ला २०, एचटी १२ ला २०. नशीब हा गुण १५ ला, म्हणजे खेळाच्या दर तासाला एकदा, फासे वाईट पडले तर आणखी दोनदा टाकून तिन्हीतलं चांगलं घ्यायचं. अधू पाय, जुगार, खादाडपणा, चौकसपणा, सोबत्यांची जबाबदारी, सगळे मिळून ३० परत, आणि बारीकसारीक सवयींचे प्रत्येकी एक असे पाच. (एक सवय अशी की तो कोणाच्याही हातचा चहा नाक मुरडल्याशिवाय पीत नाही.) स्किल्सना ४० उरले. स्वयंपाक १४, थापा मारणं १३, पत्ते १३. चाकूही १३ घेतला आणि मग नीट वाचल्यावर कळलं की अधू पायामुळे हातघाईत तीन वजा, म्हणजे १०, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. तसंच ठेवलं. स्वयंपाक्याने कांदा चिरावा.

पण खरा घोळ सगळ्यांच्या शीट्स एकत्र ठेवल्यावर दिसला. चौघांपैकी बाकी तिघेही पिस्तूलवाले, तिघेही अंधारात दबकत चालणारे, आणि प्रथमोपचार एकालाही नाही! डी अँड डीमध्ये कोणीतरी कुरकुरत का होईना क्लेरिक (जखमा बऱ्या करणारा पुजारी) घेतोच. इथे न शिकता प्रयत्न करायचा तर आयक्यूमधून चार वजा, त्या तिघांचा १०, म्हणजे ६ किंवा कमी यायला हवेत, दहातून एकदाही नीट नाही. हे आधी एकत्र बसून बोलायला हवं होतं, सगळे आपापल्या घरी गुपचूप बनवत बसलो. शेवटी पोहण्याचे आणि जहाजकामाचे दोन पॉईंट काढून मीच प्रथमोपचार १३ घेतला, भंडाऱ्याला भाजल्या-कापल्याचं कळणारच की.

पहिल्याच रविवारी आमच्यातल्या एका पिस्तूलवाल्याला गोळी लागली. मी फासे टाकले, १७. १७ म्हणजे स्किल कितीही असो, फसलंच. नशीब वापरलं, पुन्हा १४, मग ९. रक्त थांबलं, तो वाचला, आणि मघाशी "कुक कोण घेतं यार" म्हणणारा हाच होता. अर्ध्या तासाने पत्त्यांचा डाव निघाला, मोह आवरायला १२ च्या आत हवे होते, १५ आले, आणि नशीब पुन्हा वापरायला अजून अर्धा तास बाकी. बोट एडनला लागलीये, भंडारी तीन महिन्यांचा पगार हरलाय, आणि समोरचा म्हणतोय पैसे नसतील तर एक पेटी उतरवायला मदत कर, आत काय आहे विचारायचं नाही. चौकस माणूस आहे हो माझा. पाच पॉईंटला घेतलाय तो दोष.