१९२१ चा रकाना
आज दिवसभर ग्रंथालयात मुंबईचे जुने आरोग्य अहवाल वाचत बसले होते. १९२१ च्या रकान्यावर बोट थांबलं ते थांबलंच. नोंदलेल्या दर १००० जन्मांमागे ६५० हून जास्त तान्ही बाळं वर्षाच्या आत गेलेली. एका खोलीच्या बिऱ्हाडांत तर ८०० च्या वर! आकडा थोडा फुगलेला आहे, कारण गिरणगावातल्या कितीतरी बायका बाळंतपणाला कोकणात जायच्या. जन्म गावी, मृत्यूची नोंद मुंबईत. पण म्हणून जीव थाऱ्यावर राहतो थोडाच? बाळाला अफूची गोळी देऊन, निजवून आया गिरणीत जायच्या.

माझी पणजी परळच्या चाळीतली. ‘तिची दोन गेली’, एवढंच आजी सांगायची. नावं कुणालाच ठाऊक नाहीत. पान काही केल्या उलटवेना.