तुम्ही विचारलेत म्हणून: बॉक्सिंगची सुरुवात कुठून करावी

“सर, पोराले बॉक्सिंगले टाकाचं हाये. आधी ग्लोव्ह्ज घेऊ का आधी जिम लावू?” बाजाराच्या दिवशी, बसस्थानकावर, लग्नाच्या पंगतीत, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते. मी यवतमाळ जिल्ह्यात नेरजवळच्या एका खेड्यात शाळेत शिकवतो, महाविद्यालयाच्या वयात अमरावतीला बॉक्सिंग शिकलो आणि गेली अठरा वर्षे संध्याकाळी गावातल्या जुन्या आखाड्याच्या आवारात मुलामुलींचा सराव घेतो. माझे उत्तर असे की ग्लोव्ह्जही नंतर आणि जिमही नंतर. आधी पाय आणि घड्याळ. ऐकणाऱ्याला ही टाळाटाळ वाटते, म्हणून सविस्तर सांगतो.

बॉक्सिंगमध्ये वेळेचे माप पक्के ठरलेले आहे: तीन मिनिटे लढायचे आणि एक मिनिट थांबायचे. १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबरी नियमांतून हे माप रूढ झाले आणि आजही हौशी स्पर्धांच्या वरिष्ठ गटात स्त्रियांच्या व पुरुषांच्या लढती तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांच्या असतात. आमच्याकडची मुले अंगाने कणखर असतात, दिवसभर डवरणीमागे, म्हणजे कोळपणीमागे, चालू शकतात; परंतु त्यांच्या शरीराला सवय असते ती एकाच संथ गतीने आठ तास राबण्याची. तीन मिनिटांत सगळी ताकद वेचायची आणि एका मिनिटात श्वास ताळ्यावर आणून पुन्हा उभे राहायचे, हे काम त्यांना नवे असते. म्हणून मी कोणालाही “शंभर ठोसे मार” असे सांगत नाही. मोबाइलवर फेरीचा गजर लावायचा आणि जे काही करायचे, मग ती उड्यांची दोरी असो वा ठोसे मारायची टांगती बॅग, ते फेरीच्या मापाने करायचे. नवख्यासाठी पहिला महिनाभर दोन मिनिटांची फेरी पुरेशी होते. थांबण्याचे मिनिट मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण पाळायचे. त्या मिनिटात खाली बसायचे नाही, गप्पा मारायच्या नाहीत, नाकाने खोल श्वास घेत सावकाश फिरायचे.

आता पाय. उजव्या हाताच्या मुलाने डावा पाय पुढे ठेवावा, दोन्ही पायांत खांद्यांइतके अंतर असावे, मागची टाच किंचित उचललेली, गुडघे सैल, हनुवटी खाली आणि दोन्ही मुठी गालाच्या हाडांपाशी. डावखुऱ्याने हेच उलट करावे. मी आवारात चुन्याची एक सरळ रेघ ओढतो आणि दोन पाय त्या रेघेच्या दोन बाजूंना राहतील असे मुलांना उभे करतो, कारण दोन्ही पाय एकाच रेघेवर आले की साध्या धक्क्यानेही तोल जातो. मग चालणे: पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे येताना मागचा आधी, डावीकडे जाताना डावा, उजवीकडे जाताना उजवा, पाय एकमेकांना ओलांडत नाहीत आणि एकमेकांना चिकटतही नाहीत. सांगायला एवढेच आहे, पण ते अंगी मुरायला तीन-चार आठवडे लागतात, आणि नेमक्या याच आठवड्यांत मुलांचा धीर सुटतो, कारण त्यांना बॅग मारायची असते. पालकांनी या काळात मुलाला “काय शिकलास, मारून दाखव” असे म्हणू नये, एवढी माझी विनंती आहे.

ठोशाची ताकदही पायांतूनच येते. सोयाबीनचे पोते ट्रॉलीत चढवणाऱ्या माणसाकडे पाहा. तो नुसत्या हातांच्या जोरावर पोते उचलत नाही. पाय रोवतो, कंबर फिरवतो आणि हात केवळ पोत्याला दिशा देतात. क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, अगदी असाच निघतो: मागच्या पायाचा चवडा जमिनीवर वळतो, त्यामागून कंबर, मग खांदा, आणि मूठ सर्वांत शेवटी. दिवसभर पोती चढवणारा मुलगा मूठ वळताच हे विसरतो आणि केवळ दंडाच्या बळावर ढकलतो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. त्याला पोत्याची आठवण करून दिली की आठवडाभरात ठोसा बदलतो. पुढच्या हाताचा जॅब मात्र पहिले दोन महिने सर्वांत जास्त वेळ घोटायचा, कारण अंतर मोजणे, समोरच्याला लांब ठेवणे आणि पुढच्या ठोशासाठी वाट काढणे ही तिन्ही कामे तोच करतो. हूक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, आणि अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा, मी तिसऱ्या महिन्याआधी शिकवत नाही.

मुठीविषयी जरा थांबून सांगायला हवे. अंगठा बोटांच्या बाहेर असावा, मनगट आणि हाताची पाठ एका रेषेत असावी, आणि आघात तर्जनी व मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या पेरांवर घ्यावा. करंगळीकडची बाजू लागली तर करंगळीमागचे तळहाताचे हाड मोडते. डॉक्टर या मोडीला बॉक्सरचेच नाव देतात, खरे तर ती बहुतेक वेळा न शिकलेल्या माणसालाच होते. यासाठी ग्लोव्ह्जच्या आत हाताला पट्टी बांधायची असते. साडेचार मीटर लांबीची पट्टी घ्यावी. अंगठ्यात अडकवून मनगटाला तीन वेढे, पेरांवर तीन वेढे, मग बोटांच्या फटींतून काढून पुन्हा मनगटावर. बोटे पसरल्यावर पट्टी सैल आणि मूठ वळल्यावर घट्ट वाटली तर ती बरोबर बसली असे समजावे. खरेदीचा क्रम विचाराल तर आधी पट्टी आणि दोरी, मग दातांसाठी माउथगार्ड, आणि दुसऱ्या महिन्यात बॅगवर मारायला बारा किंवा चौदा औंसांचे ग्लोव्ह्ज. जोडीदाराबरोबर स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, करताना मोठ्या माणसाला सोळा औंसांचे लागतात, कारण जास्त भरावामुळे समोरच्याला कमी लागते.

बॅगेबाबत आमच्या भागात एक चूक घरोघर होते. मुलगा हौसेने पोत्यात नदीची रेती भरतो आणि कडुनिंबाच्या फांदीला टांगतो. रेती चार दिवसांत खाली बसते, पोत्याचा तळ दगडासारखा होतो आणि मनगट दुखावते. जुन्या गोधड्या, फाटके कपडे आणि चिंध्या ठासून भरा, मधल्या पोकळ्यांत लाकडाचा भुसा घाला. बॅगेचे वजन मुलाच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असले की ती फार झोके घेत नाही आणि हातालाही सोसते.

रोजचा सराव कसा आखावा, हा दुसरा प्रश्न. साधारण सव्वा तास पुरतो. आधी सांधे मोकळे करावेत आणि दोरीच्या उड्यांच्या तीन फेऱ्या माराव्यात. मग शॅडो बॉक्सिंगच्या, म्हणजे समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारण्याच्या, तीन फेऱ्या, आणि इथे मी फार आग्रही असतो: प्रत्येक फेरीला एकच काम द्यावे. पहिल्या फेरीत फक्त पाय. दुसरीत पायांबरोबर जॅब. तिसरीत जॅब-क्रॉस, आणि प्रत्येक ठोशानंतर हात त्याच वाटेने हनुवटीपाशी परत आला का, यावर लक्ष. समोर कोणी नसताना माणूस हवेत वाटेल तसे हात फिरवू लागला की ती फेरी वाया जाते. त्यानंतर जोडीने किंवा प्रशिक्षकाने हातात धरलेल्या पॅडवर तंत्राच्या तीन-चार फेऱ्या, मग बॅगेच्या तीन, आणि जोर-बैठका सर्वांत शेवटी.

जोर-बैठकांची जागा शेवटी का, असे आखाड्यातली वडीलधारी माणसे मला विचारतात. विदर्भाला व्यायामाची मोठी परंपरा आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकाने आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. त्या परंपरेविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे, आणि सपाट्याच्या जोरांनी खांदे जसे मोकळे व बळकट होतात तसे दुसऱ्या कशाने होत असतील असे मला वाटत नाही. परंतु दोनशे बैठका काढून थरथरणाऱ्या पायांवर फूटवर्क शिकायला गेले की चुकीचे पाऊल पक्के होते. ताज्या शरीराने शिकावे आणि शिकून झाल्यावर शरीराला थकवावे, हा क्रम मी मोडू देत नाही.

खेड्यातल्या मुलाची खरी अडचण अशी की चांगली जिम जिल्ह्याच्या ठिकाणी असते आणि रोजचे एसटीचे भाडे परवडत नाही. त्यासाठी आठवडा दोन भागांत वाटावा. समजा, मंगळवारी आणि शनिवारी जिम: तिथे बॅग, पॅड आणि जोडीदार, म्हणजे घरी जे मिळत नाही ते. सोमवारी आणि गुरुवारी पहाटे पांदण रस्त्याने धावणे आणि परत आल्यावर अंगणात शॅडो. बुधवारी दोरी आणि जोर-बैठका. शुक्रवारी हलके, आणि रविवारी पूर्ण विश्रांती. धावणे सुरुवातीला वीस मिनिटे, सोबत्याशी बोलता येईल इतके सावकाश, आणि हळूहळू चाळीस मिनिटांपर्यंत. दोन महिन्यांनंतर एक दिवस तीन मिनिटे जोरात, एक मिनिट चालत, असे चार-पाच वेळा करावे. वाढ करताना एका वेळी एकच गोष्ट वाढवावी: फेऱ्यांची संख्या वाढवली तर त्या आठवड्यात फेरीची लांबी वाढवू नये.

शेतीच्या हंगामापुढे हे वेळापत्रक वाकवावे लागते, आणि ते वाकवण्यात काही कमीपणा नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत मुलांची बोटे बोंडांच्या सुकलेल्या टोकांनी ओरखडलेली असतात आणि पाठ वाकून आखडलेली असते. त्या दिवसांत पट्टी बांधून बॅग मारण्यापेक्षा पाय आणि शॅडो करावे. फवारणी केली त्या दिवशी सराव नाही, असा माझा सक्त नियम आहे. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतमजुरांचे जीव गेले, आणि तेव्हापासून फवारणी करून आलेल्या मुलाला मी आवाराच्या फाटकावरूनच आंघोळीला परत पाठवतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा सराव सकाळी सहाच्या आत उरकावा आणि दोन फेऱ्यांमध्ये मीठ-साखरेचे पाणी घोटघोट प्यावे. वजन उतरवण्यासाठी प्लास्टिक किंवा जाड जॅकेट घालून धावण्याचा प्रकार या उन्हात उष्माघाताला बोलावणे आहे. वाढीच्या वयातल्या मुलाने वजनासाठी जेवण तोडू नये, ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, शेंगदाणे आणि अंडी नेमाने खावीत आणि जो वजनगट येईल त्यात खेळावे.

जिम निवडताना फी विचारण्याआधी एक संपूर्ण वर्ग बाजूला बसून पाहा. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, अभ्यासक्रम केलेला प्रशिक्षक असेल तर उत्तमच, पण प्रमाणपत्रापेक्षाही मी हे बघतो की तो मुलांचे पाय बघतो की केवळ बॅगेचा आवाज ऐकतो, आणि नवख्याला किती लवकर रिंगमध्ये उतरवतो. हे मी अनुभवातून सांगतो. मी शिकायला लागलो तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात मला तीन वर्षे खेळलेल्या मुलासमोर उभे केले गेले. मला पाय हलवता येत नव्हते, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हते, आणि डोक्याला सात-आठ ठोसे बसले. त्यानंतर चार दिवस डोके दुखत राहिले, उलट्या झाल्या, आणि सवय होईल असे मला सांगितले गेले. ती मेंदूला बसलेली इजा होती, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. हेडगार्ड, म्हणजे डोक्याचे संरक्षक कवच, असले तरी असे होऊ शकते. हेडगार्डने जखमा आणि कापणे कमी होते, मेंदूचे आतले हादरणे थांबतेच असे नाही. पुरुषांच्या वरिष्ठ आंतरराष्ट्रीय हौशी लढती तर २०१३ पासून हेडगार्डशिवाय होतात.

मुलीला बॉक्सिंगला टाकावे का, हे मुलींचे वडील खालच्या आवाजात विचारतात, तेव्हा मी त्यांना सांगतो की ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे बॉक्सिंग २०१२ साली आले आणि त्याच वर्षी मेरी कोमने पदक आणले; आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये युवा जागतिक स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. मुलीसाठी सरावाचा आराखडा निराळा नसतो. परतीची बस अंधाराआधी आहे का, कपडे बदलायला बंद खोली आहे का, आणि पाळीच्या दिवसांत आज कमी करते असे ती संकोच न करता प्रशिक्षकाला सांगू शकते का, एवढे तपासून घ्यावे.

जोडीदारासमोर पहिल्यांदा कधी उभे करायचे, याचे माझे माप तीन महिन्यांचे आहे, आणि त्याबरोबर चुन्याच्या रेघेची परीक्षा: तीन मिनिटांच्या सलग तीन फेऱ्या शॅडो करताना पाय एकदाही ओलांडले गेले नाहीत आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात हात खाली आले नाहीत, तरच. जोडीदार वजनाने जवळचा आणि अनुभवाने थोडा पुढचा, पण स्वभावाने शांत असावा. दीड मिनिटाच्या दोनच फेऱ्या, दोघांनाही फक्त जॅब, तोही हलका, आणि प्रशिक्षक हाताच्या अंतरावर उभा. मुलगा किंवा मुलगी घरी गेल्यावर मी रात्री फोन करतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारतो: डोके दुखते का, मळमळते का, उजेड सोसवतो का, झोप नीट लागली का. यांतले एकाचेही उत्तर मनासारखे नसेल तर आधी डॉक्टर, आणि डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत त्या मुलाची पट्टी माझ्याच कपाटात राहते.