फेज न घातलेली नळी

त्या सकाळी इन्क्युबेटरमधून काढलेल्या प्लेटवर प्लाक (जीवाणूंच्या थरात फेज विषाणूंनी पाडलेली भोकं) पडायचं काही कारण नव्हतं. नळीत मी फेज घातलाच नव्हता. आमच्या नेहमीच्या होस्टचं (ज्या जीवाणूवर फेज वाढवतो त्याचं), म्हणजे एका ई. कोलायचं, रात्रभर वाढलेलं कल्चर सेंट्रिफ्यूज केलं, वरचं पाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं (जीवाणू अडकतात, विषाणू पार होतात) आणि दोन वेगळ्या स्ट्रेन्सच्या, म्हणजे जीवाणूंच्या वाणांच्या, लॉनवर (सलग थरावर) पाच-पाच मायक्रोलिटर सोडलं, इतकंच. दोन्हीकडे प्लाक होते. गढूळ, मधोमध जीवाणू पुन्हा उगवलेले.

हे दिसेल असं मला आदल्या रात्रीपासून वाटत होतं. तरीही प्लेट हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले.

फेज म्हणजे जीवाणूंना लागणारे विषाणू. ‘मी विषाणू वाढवते’ म्हटलं की लोक अजूनही खुर्ची थोडी मागे सरकवतात. ते आपल्याला काही करत नाहीत हे सांगणं मी आता सोडून दिलंय. सांडपाण्यातून आम्हाला एक उत्तम मारेकरी फेज मिळाला होता. त्याचे प्लाक काचेसारखे स्वच्छ पडत. एकच प्लाक उचलायचा, पुन्हा पसरायचा, असं तीनदा करून शुद्ध केलेला. चोवीस स्ट्रेन्सपैकी अकरांवर तो चालला आणि आम्ही खूश झालो. त्या अकरांतल्या दोन स्ट्रेन्सवर मात्र होस्टच्या मानाने शंभरपट कमी प्लाक पडत. मी म्हटलं, रिस्ट्रिक्शन असणार, त्या स्ट्रेन्सची एन्झाइम्स परक्या डीएनएचे तुकडे करत असतील. पाठ्यपुस्तकातलं उत्तर, लगेच सुचलेलं. आमच्या विद्यार्थ्याने वहीत या दोन स्ट्रेन्सपुढे ‘गढूळ?’ असं लिहिलं होतं. मी त्याला सांगितलं, सॉफ्ट अगारचा थर जाड पडला असेल.

त्याने त्या गढूळ प्लाकच्या मधून वाचलेल्या सहा वसाहती उचलल्या. त्या फेजला दाद देत नव्हत्या, म्हणजे रेझिस्टंट म्युटंट (डीएनएत बदल होऊन वाचलेल्या) असणार. कुठला रिसेप्टर (फेज पेशीला जिथे चिकटतो ती जागा) बदलला ते शोधायला त्यांचे जीनोम वाचून घेतले. दोन महिने तो म्युटेशन शोधत होता. एकही सापडलं नाही. दर सोमवारच्या मीटिंगला त्याचा चेहरा उतरलेला असे आणि मी म्हणत असे, ‘डेटाचं फिल्टरिंग नीट बघ.’

दरम्यान फेजचा जीनोमही आला. जोडणी केल्यावर दोन तुकडे निघाले: एक ४४ हजार अक्षरांचा, आमचा फेज, आणि दुसरा ३८ हजारांचा, ज्यात चक्क इंटिग्रेजचं जनुक, म्हणजे फेजला जीवाणूच्या क्रोमोसोममध्ये शिरवणाऱ्या एन्झाइमचं. रिपोर्टमध्ये त्यापुढे लिहिलं होतं, ‘होस्ट डीएनएची भेसळ’. असले रिपोर्ट आता सॉफ्टवेअरच लिहितं. रंगीत वर्तुळं छान असतात, पाठवण्याआधी कुणी वाचत मात्र नसावं. पण मीही ते मान्य केलंच ना. डीएनेझ (कवचाबाहेरचा डीएनए खाणारं एन्झाइम) जुनं झालं असेल म्हटलं आणि नवी बाटली मागवली.

उलगडलं ते एक आकृती काढताना. फेजच्या नमुन्यातले सगळे रीड्स (यंत्राने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे) होस्टच्या जीनोमवर बसवले. सुमारे पन्नास लाख अक्षरं, आणि जवळजवळ सगळीकडे खोली (एक अक्षर किती वेळा वाचलं गेलं तो आकडा) एक किंवा दोन. एकाच ठिकाणी मात्र टेबल उलगडून ठेवावं तसा सपाट उंचवटा: ३८ हजार अक्षरं लांब, खोली चाळीस, दोन्ही कडा सरळ उभ्या. भेसळ अशी टेबलासारखी उभी राहत नाही, ती पसरते. शिवाय काही रीड्समध्ये उंचवट्याची दोन टोकं एकमेकांना जोडलेली होती. क्रोमोसोमवर जी अक्षरं ३८ हजारांच्या अंतरावर, ती इथे शेजारी. म्हणजे तो तुकडा क्रोमोसोममधून सुटून, वर्तुळ होऊन, स्वतःच्या कवचात शिरला होता. डीएनेझपासून वाचला तोही त्यामुळेच. बाटलीत काही दोष नव्हता.

होस्टच्या जीनोममध्ये तो प्रोफेज, म्हणजे जीवाणूच्या डीएनएत झोपून राहिलेला फेज, आम्हाला माहीत होता. प्रोफेज शोधणाऱ्या प्रोग्रॅमने त्याला ‘अपूर्ण’ ठरवलं होतं आणि मी टिपणात ‘मेलेला’ असं लिहून पुढे गेले होते. असे मेलेले सांगाडे जीवाणूंत खूप असतात, प्रयोगशाळांतल्या के-१२ या ई. कोलायमध्येच नऊ आहेत. पण हा जिवंत होता. त्याच्या रिप्रेसरमुळे (त्याला निजवून ठेवणारं आणि तसल्याच बाहेरून आलेल्या फेजलाही रोखणारं प्रथिन) स्वतःच्या होस्टवर त्याचा एकही प्लाक पडत नव्हता, म्हणून होस्टच्या प्लेटवर तो आम्हाला कधीच दिसला नसता. तीनदा शुद्ध करूनही उपयोग नव्हता, कारण दर वेळी तो होस्टमधूनच नव्याने येत होता. धुवायच्या पाण्यातच चिखल.

आणि तो आकडा! मुख्य फेजची खोली तीन हजार, याची चाळीस. होस्टवरचे प्लाक आणि त्या दोन स्ट्रेन्सवरचे प्लाक, शंभरास एक. साधारण तेच प्रमाण दोन वेगळ्या फाइल्समध्ये कित्येक आठवडे पडून होतं. त्या दोन स्ट्रेन्सवर आमचा मारेकरी फेज चालतच नव्हता. अकरा नव्हे, नऊ.

लाज वाटते ती याची की जीवाणू-अनुवंशशास्त्रज्ञ एस्थर लेडरबर्ग यांनी १९५१ मध्ये लॅम्डा फेज जाहीर केला, तो असाच, वर्षानुवर्षं वापरातल्या के-१२ च्या पोटात दडलेला सापडला होता. हे मी दर वर्षी वर्गात शिकवते. आणि आमच्या प्रत्येक प्लेटवर कंट्रोल (तुलनेचा नमुना) म्हणून नुसतं बफर, होस्टचं गाळलेलं पाणी कधीच नाही.

विद्यार्थ्याला बोलावून प्लेट दाखवली. तो काही बोलला नाही, लॅपटॉप उघडून बसला. त्याचे सहाही जीनोम मूळ स्ट्रेनच्या संदर्भावर जुळवलेले होते, आणि जे रीड्स कुठेच जुळत नाहीत ते वेगळ्या फाइलमध्ये जातात, ती कुणी उघडत नाही. त्याने उघडली. सहाही वसाहतींत ती ३८ हजार अक्षरं अखंड होती. म्युटंट नव्हतेच ते. प्रोफेज त्यांच्यात जाऊन बसला होता, आणि तो बसवला आम्हीच. ‘मॅडम, वहीत गढूळ लिहिलं होतं मी,’ तो म्हणाला. हो, लिहिलं होतं.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा सल्ला: ‘अकराच राहू द्या, कोण विचारतंय.’ मी ज्या दोन लॅब्सना तो लायसेट (फुटलेल्या जीवाणूंतून मिळालेलं फेजचं द्रावण) पाठवला होता त्यांना त्याच संध्याकाळी कळवलं. शिगा टॉक्सिन या घातक विषाचं जनुकसुद्धा जीवाणूंत अशाच प्रोफेजच्या पाठीवरून फिरतं. आमच्या तुकड्यात तसलं काही दिसलं नाही, पण उपचारासाठी तयार करायच्या फेजमध्ये असा पाहुणा चालत नाही.

एक गोष्ट अजून सुटत नाही. नुसत्या होस्टच्या गाळलेल्या पाण्यात मिलिलिटरला या प्रोफेजचे लाखभर कण निघाले, मारेकरी फेजच्या लायसेटमध्ये दहा कोटी. हजारपट. फ्रेंच शास्त्रज्ञ ल्वॉफ यांनी १९५० मध्ये अतिनील किरणांनी प्रोफेज जागा करून दाखवला होता. डीएनएला इजा झाली की रिप्रेसर तुटतो. आमच्या नळीत तो इशारा मारेकरी फेजच देत असावा, पण तो होस्टला अर्ध्या तासात फोडतो. तेवढ्यात दुसऱ्याने सुटून, नकला काढून, कवचं बांधायला वेळ कुठून आणला? की जागा होतो तो शेजारच्या, अजून लागण न झालेल्या पेशींत?

काल विद्यार्थ्याने पुढच्या प्रयोगाचा तक्ता आणून दिला. दर पाच मिनिटांनी नमुना, बारा नळ्या. खाली पेन्सिलीने तेरावी वाढवलेली, फेज न घातलेली.