६४ मिमी फ्लॅट, नोंद सहावी: शाई चुकीच्या पात्यावर लावली होती

मागच्या नोंदीत मी ठामपणे लिहिले होते की मित्राकडून उसन्या आणलेल्या ६४ मिमी कॉफी ग्राइंडरची अलाइनमेंट (त्याची दोन्ही दळणारी पाती एकमेकांना समांतर आहेत का ते) तपासून झाली आहे, ती ठीक आहे, आणि तरीही एस्प्रेसोचे शॉट बिघडतात, त्या अर्थी फ्लॅट बर्र (चपटी पाती) माझ्या कामाचे नाहीत. यातले पहिले विधान चूक निघाले, म्हणून त्यावर उभे असलेले दुसरेही मी मागे घेतो. त्या नोंदीच्या भरवशावर कोणी कोनिकलची (शंकूच्या आकाराच्या पात्यांच्या ग्राइंडरची) मागणी नोंदवायला निघाले असेल, तर त्यांनी कृपया आधी हे वाचावे.

लक्षण पुन्हा एकदा नीट मांडतो. १८ ग्रॅम डोस (कोरडे दळण), ३६ ग्रॅम यील्ड (कपात उतरलेली कॉफी), ९ बार दाबाची स्प्रिंग बसवलेले माझे गॅजिया क्लासिक एस्प्रेसो यंत्र आणि भाजून बारा दिवस झालेली चिकमगळूरची मध्यम भाजणीची कॉफी. हीच कॉफी मी जे-मॅक्स या माझ्या हातग्राइंडरवर दळतो तेव्हा शॉट २७ ते २९ सेकंदांत उतरतो आणि एक क्लिक इकडेतिकडे केली तर दोन-तीन सेकंदांचा फरक पडतो; म्हणजे ८.८ मायक्रॉनची एक क्लिक जशी वागायला हवी तशीच ती वागते. उसन्या यंत्रावर मात्र पाती एकमेकांना घासू लागतात त्या जागेपासून अवघ्या दोन खुणांवर येऊनही शॉट १७ सेकंदांत वाहून जात होता, आणि आणखी एक खूण बारीक केली की पक (चाळणीत दाबलेले दळण) असा गच्च होई की ४० सेकंदांत कपाचा तळसुद्धा झाकला जात नसे. मधली जागाच नव्हती. बॉटमलेस पोर्टाफिल्टरखाली (दळण धरणाऱ्या, तळ उघडा असलेल्या मुठीखाली) बसून पाहिले, तर बास्केटच्या, म्हणजे तिच्यातल्या चाळणीच्या, डाव्या कडेला तीन ठिकाणी फिकट, केसासारख्या बारीक धारा सुटत होत्या आणि मधला भाग अजून कोरडाच होता. चवीत आंबट आणि कडू एकाच घोटात येत होते, आणि घोट गिळल्यावर जिभेवर कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा बराच वेळ राहत होता.

पहिला संशय मी हवेवर घेतला होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. सध्या सोलापुरात दुपारी पारा ४१ अंशांवर आहे आणि स्वयंपाकघरातल्या आर्द्रतामापकावर १९ टक्के दिसतात. मी अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचे काम करतो; हवा अशी वाळली की सूत ताठरते, त्यात स्थिर विद्युत भरते, धागे तुटू लागतात, आणि म्हणून मागाच्या शेडमध्ये हवेत ओलावा धरून ठेवावा लागतो, हे इथे कोणालाही शिकवावे लागत नाही. ग्राइंडरमध्येही तेच चालले होते. १८ ग्रॅम बिया टाकाव्यात तर कपात १७.४ ग्रॅम पडावेत, उरलेले दळण नळीच्या आतल्या बाजूला चिकटावे आणि सालपटे उडून ओट्यावर पसरावीत, असा रोजचा प्रकार होता. ओरेगॉन विद्यापीठाच्या क्रिस्टोफर हेंडन यांच्या गटाने २०२३ मध्ये ‘मॅटर’ या नियतकालिकात याच विषयावर संशोधन प्रसिद्ध केले. ज्वालामुखीच्या राखेतील विजेचा अभ्यास करणारे संशोधकही त्यात सहभागी होते, ही गोष्ट मला फार आवडते. दळण्यापूर्वी बियांना थोडे पाणी लावले तर विद्युतभार घटतो, गुठळ्या कमी होतात आणि शॉट अधिक सावकाश व दाट उतरतो, असे त्यांना आढळले. मी चमच्याचा दांडा पाण्यात बुडवून तो बियांतून फिरवतो. तेवढ्याने कपातले वजन १७.९ वर आले, ओटा स्वच्छ राहू लागला आणि शॉट १७ वरून २० सेकंदांवर गेला. डाव्या कडेच्या धारा मात्र जागच्या जागीच राहिल्या.

सगळी मेख या धारांतच होती. दळण मोकळे करायच्या डब्ल्यूडीटीच्या सुया बदलल्या, ते दाबायच्या टॅम्परची पातळी तपासली, बास्केट फिरवून बसवले, अगदी पोर्टाफिल्टर दुसऱ्याच्या घरून आणून पाहिला. जे-मॅक्सचे दळण त्याच बास्केटमध्ये, त्याच हाताने भरले की धारा नाहीशा होत आणि ग्राइंडरचे भरले की परत येत, त्यामुळे दोष दळणातच आहे हे नक्की झाले. पण पात्यांची मार्कर चाचणी (पात्यावर शाई लावून, ते दुसऱ्यावर घासून ती कुठे पुसली जाते ते पाहणे) मी आधीच केली होती आणि तीत यंत्र उत्तीर्ण झाले होते, म्हणून मी त्या दिशेला पुन्हा पाहिलेच नाही. या हट्टात नऊ दिवस आणि जवळजवळ ४०० ग्रॅम कॉफी गेली.

उलगडा कॉफीच्या संदर्भात झालाच नाही. रविवारी मालदांडी ज्वारी घेऊन गिरणीत गेलो, तर काकांनी चक्की उघडून दगडाला टाकी लावायला घेतली होती. टाकीचे घाव एकसारखे पडत होते, हाताच्या पाठीवर दगडाची पांढरी भुकटी बसली होती, आणि मधूनमधून ते गेरू लावलेली लाकडी पट्टी दगडावरून ओढून कुठे रंग लागतो ते पाहत होते. जिथे रंग लागे तिथेच पुढचा घाव. मी सहज त्यांना माझी अडचण सांगितली आणि फिरणाऱ्या पात्यावर शाई लावून पाहिली, ती सगळीकडून सारखी पुसली गेली, असेही सांगितले. काकांनी हातातले काम न थांबवता म्हटले, “फिरता दगड सगळीकडून घासणारच की वो. तो फिरतोयच. बसलेला दगड बघितला का तुम्ही?”

मी ज्वारी तिथेच ठेवून घरी आलो.

हे ज्यांना आधीपासून ठाऊक आहे त्यांना यात नवे काही नाही, पण माझ्यासारखे अर्धीच चाचणी करून समाधान मानणारे आणखी कोणी असतील म्हणून सविस्तर लिहितो. वरचे, न फिरणारे पाते एका बाजूला खाली झुकलेले असेल, तर खालचे पाते फिरताना त्याचा प्रत्येक भाग त्या झुकलेल्या जागेखालून जातोच, म्हणून खालच्या पात्यावरची शाई पूर्ण वर्तुळभर पुसली जाते आणि सगळे आलबेल आहे असे वाटते. शाई वरच्या पात्यावर लावली तरच तो झुकाव उघडा पडतो, कारण तिथे ती फक्त झुकलेल्या जागीच पुसली जाते. उलट, दोष फिरत्या पात्याच्या बैठकीत असेल तर तो फिरत्या पात्यावरच्या शाईत दिसतो. म्हणजे एका पात्याची चाचणी दुसऱ्याबद्दल काहीही सांगत नाही, आणि मी नेमकी निर्दोष पात्याची चाचणी घेऊन दोषी पात्याला प्रमाणपत्र दिले होते.

प्लग काढून, फळ्यावर लिहायच्या मार्करने वरच्या पात्याची बाहेरची सपाट कड रंगवली, घासण्याच्या जागेपर्यंत आणून खालचे पाते हाताने फिरवले आणि पुन्हा उघडले. घड्याळाच्या भाषेत सांगायचे तर सात ते दहाच्या दरम्यान धातू लख्ख दिसत होता आणि उरलेल्या वर्तुळावर शाई जशीच्या तशी होती. पात्याचे तिन्ही स्क्रू काढले, तर बैठकीवर जुन्या कॉफीचा तेलकट, लाखेसारखा कडक झालेला थर सापडला, तोही एकाच बाजूला. यंत्र आधी कोणीतरी उघडून, बैठक न पुसता बंद केले असावे. लाकडी दातकोरणीने आणि स्पिरिटने तो काढायला पाऊण तास लागला. पाते परत बसवताना एकेक स्क्रू पूर्ण न पिळता तिन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळत नेले. आता शाई सातऐवजी पाचपासून बारापर्यंत पुसली गेली.

उरलेल्या भागासाठी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल वापरली. माझ्या खोक्यावर ११ मायक्रॉन अशी जाडी छापलेली आहे. शाई जिथे शिल्लक राहते तिथे पाते बैठकीकडे दबलेले असते, म्हणून त्याच बाजूच्या स्क्रूजवळ पात्यामागे नखाएवढा तुकडा ठेवायचा. एका थराने शाई दोनपर्यंत पुसली गेली, दोन थरांनी जवळजवळ पूर्ण, आणि तिसऱ्या थराने दोष उलट बाजूला गेला, म्हणून तो काढला. एकूण अकरा वेळा उघडझाप केली. अकराव्या वेळी वर्तुळाच्या कडेवर सगळीकडे सारखीच फिकी शाई उरली तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते, आणि त्या वेळी शॉट काढणे योग्य नव्हते तरी मी काढला.

घासण्याची जागा आता पूर्वीपेक्षा बरीच पुढे सरकली आहे आणि एस्प्रेसोचे दळण तिच्यापासून दोन नव्हे तर सात खुणांवर मिळते. १८ ग्रॅमचे ३६ ग्रॅम २८ सेकंदांत उतरले. एक खूण बारीक केल्यावर ३२, एक खूण जाड केल्यावर २५. गेले तीन आठवडे मी ज्या मधल्या जागेसाठी तळमळत होतो ती इथे होती. बॉटमलेसखाली आधी सगळ्या बास्केटभर गडद ठिपके उमटले, मग ते एकत्र येऊन मधोमध एकच धार पडली, आणि ती शेवटपर्यंत हलली नाही. चवीला काकवी, भाजलेला शेंगदाणा आणि मागून चिंचेच्या कोळासारखा स्वच्छ आंबटपणा. जे-मॅक्समध्ये याच कॉफीत काकवी आणि शेंगदाणा मिळतात, पण तो मागचा आंबटपणा वेगळा ओळखू येत नाही. माझ्या मते फ्लॅट बर्रसाठी जास्त पैसे मोजायचे ते एवढ्यासाठीच. जे-मॅक्सबद्दलचे माझे मत याने कमी होत नाही. वीज गेल्यावर चालणारे आणि तीन वर्षांत एकदाही दगा न दिलेले ते यंत्र मी विकणार नाही.

आता स्वतःसाठी ग्राइंडर निवडण्याकडे येतो. मागच्या नोंदीअखेर नीश झीरो जवळजवळ ठरली होती. तिची ६३ मिमी कोनिकल पाती मॅझर या कंपनीची आहेत, दळण कपात पूर्ण उतरते, आणि दूध घालून पिणाऱ्यांसाठी आजही मी तीच सुचवेन. पण आमच्या घरी दूध फक्त आई घालते. माझा ओढा कर्नाटकातल्या रत्नगिरी इस्टेट या मळ्याच्या कॉफीसारख्या फिक्या भाजणीकडे आहे, आणि रविवारच्या घोटानंतर मला फ्लॅटच हवे हे स्पष्ट झाले. म्हणून यादीत मॅझर फिलॉस हा फ्लॅट ग्राइंडर आणि साधी ६४ मिमीची बॉडी घेऊन तीत कोरियाच्या एसएसपी कंपनीची पाती बसवणे, हे दोनच पर्याय उरतात. फिलॉसच्या बांधणीविषयी मला आदर आहे. मात्र परदेशातून स्वतः मागवायचे तर सीमाशुल्काचा बोजा, मोटार २३० व्होल्ट ५० हर्ट्झचीच आहे याची खातरजमा आणि सुट्या भागांची वाट पाहणे हे सगळे ओघाने येते. एका विक्रेत्याला मी विचारले की यंत्र पाठवण्यापूर्वी दोन्ही पात्यांच्या शाईची छायाचित्रे द्याल का, तर “फॅक्टरीत अलाइनमेंट झालेली असते” एवढे एकच वाक्य आले आणि त्यानंतर उत्तरच नाही. त्यांचे नाव इथे घेत नाही, पण एवढ्या किमतीच्या यंत्राबाबत हा प्रश्न ज्याला गैर वाटतो त्याच्याकडून मी खरेदी करणार नाही.

इथपर्यंत लिहिले आणि एक वेगळाच विचार आला, तोही मांडतो. फॉइल हा शेवटी तात्पुरता उपाय आहे. प्रत्येक साफसफाईला तुकडे हलणार आणि पुन्हा शाई लावायला बसावे लागणार. आमच्या कारखान्याला मागाचे सुटे भाग करून देणारे लेथवाले मिस्त्री बेअरिंगची बैठक डायल लावून एक शतांश मिलिमीटरच्या आत आणतात, आणि ते काम मी स्वतः शेजारी उभे राहून पाहिलेले आहे. मग साधी ६४ मिमीची बॉडी घेऊन वरच्या पात्याची बैठकच त्यांच्याकडून हलका हात मारून फेस (सपाट) करून का घेऊ नये? वाचलेले पैसे एसएसपी पात्यांना पुरतील. अडचणी मला दिसतात: वॉरंटी जाईल, ॲनोडायझिंगचा थर खरवडला जाईल, आणि तो भाग आट्यांवर पकडून फिरवला नाही तर बैठक आट्यांशी काटकोनात येणारच नाही, म्हणजे सगळा खटाटोप वाया. त्यासाठी आधी त्याच आट्यांचे एक पकडसाधन वळवून घ्यावे लागेल. कोणी असे करून पाहिले असेल तर साधन कोणत्या धातूचे केले आणि किती कापले, हे कळवावे; या एका उत्तरावर माझी खरेदी अडली आहे.

मित्राचे यंत्र शनिवारी परत जाईल. फॉइल तशीच ठेवू का म्हणून त्याला फोनवर विचारले, तर त्याने आधी शॉट पिऊन बघतो असे सांगितले, आणि काल संध्याकाळी येऊन दोन प्याला. फॉइल राहणार आहे. कोणता तुकडा कोणत्या स्क्रूजवळ आहे त्याची आकृती काढून मी यंत्राच्या तळाला चिकटवली आहे. शनिवारपर्यंत रत्नगिरीची फिकी भाजणी १८ ला ४५ ग्रॅम, याच सात खुणांपासून सुरुवात करून काढतो, आणि गिरणीतून पीठ आणायचे राहिले आहे ते आणतो.