जुनी स्पोर्ट्स कार, ४०२ मीटर आणि उलाळ झालेली बंडी

ड्रॅग रेसचे, म्हणजे उभ्या गाडीने सुटून सरळ ४०२ मीटर (पाव मैल) पळायच्या शर्यतीचे, व्हिडिओ पाहून पोट्टे पहिला प्रश्न एकच विचारतात, इंजिन कोणतं टाकू. माझा भाचाही त्यातलाच. "मामा, हेराल्डमदी एखादं मोठं इंजिन बसन का पाहा ना." आमच्याकडे काकांची स्टँडर्ड हेराल्ड आहे, मद्रासला बनलेली, ९४८ सीसीची, तुरीच्या पोत्यांशेजारी शेडमध्ये उभी असते. मी म्हटलं बावा, आधी ही गाडी नव्वदच्या वर एका हाताने सरळ चालवून दाखव, मग इंजिनाचं पाहू.

आता हेराल्ड काही स्पोर्ट्स कार नाही हे मलाही माहीत आहे. पण १९६२ ला ट्रायम्फने स्पिटफायर काढली ती याच हेराल्डच्या चेसीवर बेतलेली, मागचं सस्पेन्शन तेच, पुढचं तेच, बॉनेटसुद्धा तसंच अख्खं पुढे उघडणारं. म्हणजे स्पिटफायरवाल्याला इंग्लंडात जे दुखणं, तेच आपल्याला धामणगाव तालुक्यात. त्यामुळे हे सगळं मी कोणाचं ऐकून नाही, खाली झोपून पाहून लिहितोय.

जुन्या गाडीत दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात आणि लोकं त्या वेगवेगळ्या समजतात. सुटताना गाडीचं नाक वर आलेलं पाहिजे, कारण मग वजन मागच्या चाकांवर येतं आणि टायर पकडतात. आणि ४०२ मीटर संपत येतात तेव्हा तेच नाक खाली पाहिजे, कारण तिथे वारा खालून घुसतो. बंडीत मागे जास्त भरलं की ती उलाळ होते, जू वर जातं, बैलांच्या मानेवर वजनच राहत नाही, मग कासरा कितीही ओढा. दीडशेच्या स्पीडला गाडीच्या पुढच्या टायरांचं असंच होतं, स्टेअरिंग हलकं लागतं, ड्रायव्हरला वाटतं काय मस्त चाललीये, आणि खरं म्हणजे चाकं रस्त्याला नुसती शिवत असतात.

तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेल्या माणसाला सेकंदाच्या फरकाची किंमत सांगावी लागत नाही, म्हणून आधी सुटण्याचं सांगतो. अमेरिकेत एनएचआरए ही ड्रॅग रेस घेणारी संस्था १९५१ ला निघाली, आणि तिथे पावती मिळते त्यावर पहिल्या साठ फुटांचा, म्हणजे साधारण १८ मीटरचा टाइम वेगळा छापलेला असतो. सगळा खेळ तिथेच आहे. साठ फुटांत तुम्ही एक दशांश सेकंद वाचवला तर शेवटी त्याचे दीड ते दोन दशांश होऊन मिळतात असा तिकडचा जुना हिशोब आहे. एकूण टाइम वाईट पण शेवटचा स्पीड चांगला असेल तर समजायचं की इंजिन ठीक आहे, पकड नाही. आणि तरी आपली पोट्टी कार्बोरेटर बदलतात.

ज्या गाड्यांना मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, एमजीबी घ्या, जुनी मस्टँग घ्या, आपली अॅम्बेसेडर घ्या, त्यांत क्लच सोडल्याबरोबर मागच्या अॅक्सलचं हाऊसिंग उलटं फिरायला बघतं, पाट्याला एसच्या आकाराचा पीळ पडतो, तो सुटतो, परत पडतो, आणि मागचं चाक धडधड नाचायला लागतं. जीप चिखलात फसल्यावर जोरात रेस दिली की जे होतं ते. त्यावर पाट्याखाली लोखंडी बार लावतात, ट्रॅक्शन बार. दुसरी गंमत म्हणजे इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या पिळामुळे मागचं उजवं चाक हलकं होतं, म्हणून एकाच टायरचा काळा पट्टा रस्त्यावर उमटतो. क्रायस्लरने साठच्या दशकात ड्रॅगसाठी सुपर स्टॉक पाटे काढले ते डावे वेगळे आणि उजवे वेगळे होते, ते याच्यासाठी.

मग येतात ते नव्वद-दहाचे शॉकअप. पुढच्या बाजूला लावतात, वर सहज उघडतात आणि खाली बसायला वेळ घेतात. सुटताना एक नंबर. पण हेच शॉकअप साध्या रस्त्याच्या जुन्या गाडीला लावून कोणी शेवटपर्यंत पायाखालचं दाबून ठेवलं तर नाक वरच राहतं, आणि वाऱ्याचा जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे साठचे एकशेवीस झाले की दुप्पट नाही, चौपट. मला विचाराल तर नाक किती वर येऊ द्यायचं ते पट्ट्याने बांधून टाका, थोडं वर आलं तेवढं पुरे, आणि शॉकअप सरळ दोन्हीकडे सारखे घट्ट ठेवा. दशांश सेकंद गेला तर गेला.

वाऱ्याची गोष्ट मोठ्या कंपन्यांनाही उशिराच कळली. पोर्शची ९११ पाहा. इंजिन मागच्या अॅक्सलच्याही मागे, नाक हलकं. आधी त्यांनी पुढच्या बंपरात वजनंच घातली (आमच्याकडे ट्रॅक्टरच्या नाकावर लोखंडी वजनं लावतात तीच आयडिया), मग १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं मागे सरकवून व्हीलबेस २२११ चा २२६८ मिलीमीटर केला, पुढे १९७२ च्या ९११ एसला हनुवटीखाली छोटी पट्टी आली आणि १९७३ च्या कॅरेरा आरएसला मागे ते बदकाच्या शेपटीसारखं झाकण. डॅटसन २४०झेडचंही पुढचं टोक हलकं व्हायचं, पीट ब्रॉकच्या टीमने तिला पुढे खाली एअर डॅम, म्हणजे वारा अडवणारी पट्टी, लावला आणि जॉन मॉर्टनने १९७० आणि १९७१ अशी दोन वर्षं अमेरिकेत आपल्या वर्गाची चॅम्पियनशिप काढली. याच ब्रॉकने आधी शेल्बीची डेटोना कूप ही रेसची गाडी आखली होती. १९६४ साली ती बेल्जियममध्ये स्पाच्या ट्रॅकवर नेली तर ड्रायव्हर फिल हिल प्रॅक्टिसमधून परत येऊन म्हणाला मागचं टोक उचलतंय, मग अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा स्पॉयलर तिथल्या तिथे बनवून ठोकला आणि गाडी बसली. पत्रा, हो. महागाचं कार्बन फायबर नाही.

यात एक लक्षात ठेवा, नुसता मागचा स्पॉयलर लावला तर मागचं बसतं आणि नाक अजून उचलतं. गावात सगळे मागचाच लावतात कारण तो दिसतो. आधी पुढची पट्टी, मग मागचं पाहायचं.

वारा कुठे चिकटतो आणि कुठे सुटतो ते पाहायला विंड टनेल लागत नाही. आपण कापसाच्या मुलखातले. सुताचे बोटभर तुकडे टेपने गाडीवर ओळीने चिकटवायचे, शेजारून दुसरी गाडी आणि कोणाच्या तरी हातात मोबाइल. आमच्या हेराल्डवर केलं तर बॉनेटवरचे धागे शहाण्यासारखे मागे झोपलेले, आणि मागची काच संपल्यावर डिक्कीवरचे धागे गोल गोल फिरतायत, एकदोन तर चक्क पुढे तोंड करून. ऐंशीच्या स्पीडला एवढं दिसतं.

पण खरं सांगू का, पट्ट्या-स्पॉयलरच्या आधी पैसे रबरात घाला. बुश, टायरॉड एंड, टायर. चाळीस-पन्नास वर्षांचं बुश म्हणजे नावालाच बुश, ब्रेक मारला की चाक एक इंच मागे सरकतं आणि आपण म्हणतो गाडी ओढते. अलाइनमेंटला शहरात जायची गरज नाही. दोन्ही बाजूंना जॅक स्टँडला सुतळी नाही, मासेमारीची तंगूस बांधायची, चाकाच्या मधोमध उंचीवर, गाडीला समांतर, आणि रिमच्या पुढच्या कडेपासून दोऱ्यापर्यंत आणि मागच्या कडेपासून दोऱ्यापर्यंत स्टीलची पट्टी लावून मोजायचं. दोन्ही चाकं मिळून दीड ते तीन मिलीमीटर आत तोंड असलं पाहिजे. आणि मग नाक हाताने वर उचलून, दाबून परत मोजायचं, कारण गाडी खाली केलेली असेल तर नाक वरखाली झालं की चाकांचं तोंड आपोआप बदलतं, आणि हेच स्पीडला गाडी भिरभिरवतं. हे मोजल्याशिवाय कोणी स्प्रिंग कापू नका.

हेराल्ड-स्पिटफायरवाल्यांसाठी वेगळं. पुढे खालच्या बाजूला पितळेचा ट्रनियन (चाक वळतं तो आट्यांचा जोड) असतो, त्यात ग्रीस नाही भरायचं, नव्वद नंबरचं गिअर ऑइल भरायचं, आपण ट्रॅक्टरला आणतो तेच. ग्रीस भरलं की आत तेल पोचत नाही, आटे सडतात आणि एक दिवस चाक आडवं होतं. निपल दिसला की ग्रीसगन लावायची सवय आहे आपल्या मिस्त्रींना, बाजूला उभं राहून सांगा. मागे स्विंग अॅक्सल, म्हणजे प्रत्येक चाकाचा अर्धा अॅक्सल मधल्या जोडावर वरखाली झुलतो, त्यात वळणावर एकदम गॅस सोडला की मागचं उचलतं आणि चाक पोटाखाली दुमडतं. ट्रायम्फने १९७० च्या स्पिटफायर मार्क फोरला पाट्याचं खालचं पान सोडून बाकीची पानं मोकळी फिरतील असं करून ते बरंच आवरलं. इकडे स्टँडर्डने १९७२ ला गझेल काढली तेव्हा स्विंग अॅक्सल काढूनच टाकला. जुन्याला उपाय म्हणजे मागची उंची थोडी कमी आणि वळणात गॅस सोडायचा नाही, वळणाच्या आधी सोडायचा.

उन्हाळ्याचंही बोललं पाहिजे. पंचेचाळीस डिग्रीत हवा पंधरा डिग्रीपेक्षा साधारण नऊ-दहा टक्के पातळ, तेवढीच ताकद कमी, आणि मिक्श्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, ते वेगळंच. फ्युएल पंपात पेट्रोलची वाफ झाली की गाडी रस्त्यात बसते, तेव्हा पंपावर ओलं फडकं टाकायचा जुना उपाय आजही चालतो. मे महिन्यात घेतलेला टाइम पाहून कार्बोरेटरचे जेट बदलू नका, डिसेंबरात परत बदलावे लागतील.

आता भाच्याचं म्हणणं, समृद्धी बाजूलाच आहे, सकाळी रिकामी असते. नाही म्हणजे नाही. तिथे कारला १२० ची लिमिट आहे, आणि ट्रकला ओव्हरटेक करून आडोशातून बाहेर निघालात की बाजूचा वारा एकदम आदळतो, हलक्या जुन्या गाडीला एक फूट सरकवतो. ड्रॅग करायचा तर नियमात, एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या संस्थेच्या परवानगीने होतो तिथे, चेन्नईला ट्रॅक आहे. विदर्भात स्ट्रिप नाही हे दुःख आहेच, पण म्हणून रस्ता स्ट्रिप होत नाही.

टायरवर तारखेचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी चांगली आहे म्हणून दहा वर्षांचा टायर दीडशेला पळवणारे मी पाहिले आहेत. स्पीडचं अक्षरही बघा, एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. हेराल्डला तेरा इंचाचे टायर लागतात आणि बारीक साइजमध्ये ते आता सहज मिळत नाहीत. अमरावती-अकोल्याकडे कोणी नवे आणून ठेवले असतील तर कळवा, तारीख पाहून घेईन.