आमची वाटचाल : निविदेतील प्रत्येक कलमाला उत्तर

गोव्यात फोंडा येथील आमच्या संस्थेचे काम संगणकांची वार्षिक देखभाल आणि कार्यालयांतील नेटवर्क जोडणी यांपासून सुरू झाले. शाळा, पतसंस्था आणि कुंडई, बेतोडा व मडकई येथील औद्योगिक वसाहतींतील लहान कारखाने हे आमचे पहिले ग्राहक. त्यांच्यासाठी साठा, हजेरी आणि वसुली यांची सॉफ्टवेअरे करता करता चांगले प्रोग्रामर आमच्याकडे जमले आणि टिकले, तेव्हा सरकारी खात्यांच्या संगणकीकरणाच्या निविदा भरण्याचा विचार पुढे आला. आधी मोठ्या कंपन्यांचे उपकंत्राटदार म्हणून आणि पुढे स्वतःच्या नावावर आम्ही ही कामे केली. निविदेच्या अटींना पूर्णपणे उतरणारा प्रस्ताव कसा तयार करायचा, हे या वाटचालीत आम्ही सावकाश शिकलो; त्याविषयीच येथे लिहीत आहे.

खासगी ग्राहक आपल्याला बोलावतो, काम दाखवायला सांगतो, ओळखीपाळखीत चौकशी करतो आणि ठरवतो. सरकारी कामात मूल्यमापन समितीसमोर फक्त आपले कागद असतात, आणि ते तसेच असायला हवे, असे माझे ठाम मत आहे. गोव्यासारख्या लहान राज्यात अधिकारी आणि पुरवठादार एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात. म्हणूनच निर्णय ओळखीवर नव्हे तर लिहून दिलेल्या उत्तरांवर व्हावा, यात आमच्यासारख्या लहान संस्थेचेही हित आहे. आपण एखादे काम उत्तम करतो हे समितीतील एखाद्या सदस्याला माहीत असले, तरी प्रस्तावात त्याचा पुरावा जोडलेला नसेल तर त्याला गुण देता येत नाहीत.

निविदा प्रसिद्ध झाली की आम्ही सर्वप्रथम पात्रतेचे प्रकरण वाचतो. केंद्रीय दक्षता आयोगाने डिसेंबर २००२ मध्ये स्थापत्य आणि विद्युत कामांसाठी सुचवलेले निकष संगणकीय कामांच्या निविदांतही अनेकदा दिसतात : मागील तीन आर्थिक वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित खर्चाच्या किमान ३० टक्के, आणि मागील सात वर्षांत अंदाजित खर्चाच्या ४० टक्क्यांची तीन, ५० टक्क्यांची दोन किंवा ८० टक्क्यांचे एक तत्सम काम पूर्ण केलेले असणे. म्हणजे एक कोटीच्या कामासाठी तीस लाखांची सरासरी उलाढाल आणि, उदाहरणार्थ, ऐंशी लाखांचे एक पूर्ण झालेले काम दाखवावे लागते. येथे लहान संस्थेने स्वतःशी प्रामाणिक राहिले पाहिजे. केंद्राच्या वित्तीय नियमावलीत सूक्ष्म व लघु उद्योगांना इसारा रकमेतून, म्हणजे बोलीसोबत भरायच्या अनामत रकमेतून, सूट आहे, आणि मान्यताप्राप्त नवउद्योगांना पूर्वानुभव व उलाढालीची अट शिथिल करण्याची मुभा आहे. परंतु केंद्राचे २०१२ चे सार्वजनिक खरेदी धोरण केंद्रीय मंत्रालये आणि केंद्रीय उपक्रम यांच्यापुरते आहे. राज्याच्या खात्याच्या निविदेत अशी सवलत स्पष्ट लिहिलेली असेल तरच आम्ही ती धरून चालतो. उद्यम नोंदणीचे, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग म्हणून नोंदणीचे, प्रमाणपत्र जोडले की सगळे माफ होते, अशी समजूत आपल्या व्यवसायात फार पसरली आहे आणि तिच्यामुळे चांगले प्रस्ताव पहिल्याच छाननीत बाहेर पडताना मी पाहिले आहेत. पात्रतेतील एखादी जरी अट पुरी होत नसेल, तर आम्ही ती निविदा त्याच दिवशी बाजूला ठेवतो. केंद्रीय नियमांत बोली सादर करण्यासाठी सामान्यतः तीन आठवड्यांचा अवधी सांगितला आहे, आणि आमच्या इतक्याशा मनुष्यबळाचे तीन आठवडे ही मोठी गुंतवणूक असते.

निविदा भरायची ठरली की पहिले काम अनुपालन तक्त्याचे. कार्यालयात सगळे त्याला कम्प्लायन्स शीट म्हणतात. कलमाचा क्रमांक, त्यातील मागणी, आमचे उत्तर, पुराव्याचा कागद, प्रस्तावातील पान आणि ते लिहिण्याची जबाबदारी कोणाची, असे त्याचे रकाने आहेत. एका कलमात बहुतेक वेळा एकच मागणी नसते. ‘प्रणालीने अर्जदाराला एसएमएस व ईमेलने सूचना द्यावी, त्या सूचनेची नोंद ठेवावी आणि अधिकाऱ्याला तिचा अहवाल काढता यावा’ या एका वाक्यात चार मागण्या आहेत आणि तक्त्यात त्यांच्या चार ओळी होतात. उत्तराच्या रकान्यात नुसते ‘मान्य’ लिहिण्याला मी परवानगी देत नाही. ते काम कसे होईल, प्रणालीच्या कोणत्या भागात होईल आणि आज ते आमच्याकडे तयार आहे की नव्याने करावे लागेल, हे एकदोन वाक्यांत यावे लागते. तक्ता भरताना खरे काम समोर येते. प्रशिक्षण ‘सर्व तालुका कार्यालयांत’ असे कलम असेल, तर पेडण्यापासून काणकोणपर्यंत बारा तालुक्यांचा प्रवास, प्रशिक्षक आणि छापील पुस्तिका यांचा खर्च तेथेच नोंदला जातो आणि आर्थिक प्रस्तावापर्यंत पोहोचतो. प्रस्तावाची प्रकरणेही आम्ही निविदेच्या क्रमानेच लावतो, कारण गुण देणारी व्यक्ती तोच क्रम समोर ठेवून वाचत असते. आपल्या संस्थेचे कौतुक करणाऱ्या आकर्षक पानांचा तिला उपयोग नसतो.

जे कलम आम्हांला जमणार नाही किंवा नीट समजले नाही, त्याचा प्रश्न बोलीपूर्व बैठकीआधी लेखी पाठवतो. सशर्त बोली बहुतेक निविदांत नाकारली जाते, त्यामुळे हरकत नोंदवण्याची योग्य जागा हीच. प्रश्नात कलम क्रमांक, पान, मूळ मजकूर आणि सुचवलेला बदल असावा. ‘अट शिथिल करावी’ एवढे लिहून काही साधत नाही, पण अमुक अटीमुळे स्पर्धा का कमी होते आणि कोणत्या बदलाने खात्याचा हेतू अबाधित राहील, हे दाखवले तर त्याचा विचार होतो. बैठकीनंतर निघणारे शुद्धिपत्रक मूळ निविदेइतकेच बंधनकारक असते. ते आले की तक्त्यातील संबंधित ओळी त्याच दिवशी बदलल्या जातात, आणि पुन्हा शुद्धिपत्रक आले तर पुन्हा.

तांत्रिक भागात अलीकडे सर्वांत जास्त वेळ सुरक्षेला आणि सुगम्यतेला द्यावा लागतो, आणि तो द्यायलाच हवा, कारण या प्रणालींत सामान्य गोमंतकीयाचे उत्पन्नाचे दाखले, बँक खाती आणि जमिनीचे कागद असतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस सांभाळाव्या लागतात. ‘सर्ट-इनच्या निर्देशांचे पालन करू’ हे वाक्य कोणीही लिहू शकतो. आम्ही त्याखाली नोंदी कोठे साठवल्या जातील, त्यासाठी किती जागा लागेल, रात्री घटना घडली तर कोण कोणाला कळवेल, हे लिहितो. सर्ट-इनच्या यादीवरील लेखापरीक्षकाकडून करावयाच्या सुरक्षा तपासणीचा आणि तीत निघालेल्या त्रुटी दुरुस्त करून फेरतपासणी करण्याचा वेळ कामाच्या वेळापत्रकात वेगळा दाखवतो. सरकारी संकेतस्थळांच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे दृष्टिहीन व्यक्तीला स्क्रीन रीडरच्या मदतीने अर्ज भरता आला पाहिजे. ही गोष्ट आराखड्यातच धरावी लागते. भाषेचेही तसेच आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राज्याची राजभाषा आहे आणि मराठीचाही शासकीय कामात वापर करता येतो, तर कार्यालयीन व्यवहार पुष्कळसा इंग्रजीत चालतो. शिवाय जुन्या नोंदींत आडनावांची पोर्तुगीज धर्तीची लेखनरूपे आहेत, त्यामुळे नावाने शोध घेण्याची सोय कशी करणार याचे उत्तर निविदेत मागितलेले नसले तरी आम्ही आमच्या आराखड्यात देतो. बाहेरच्या राज्यांतील मोठ्या संस्थांच्या तुलनेत आमचे बळ अशाच ठिकाणी दिसते.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. उलाढालीच्या प्रमाणपत्रावर सनदी लेखापालाचा यूडीआयएन (प्रमाणपत्राची सत्यता पडताळण्याचा क्रमांक), सही करणाऱ्याच्या नावे अधिकारपत्र, काळ्या यादीत नसल्याचे प्रतिज्ञापत्र, कार्यादेशासोबत काम पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, हे सर्व एका फाइलमध्ये वर्षभर अद्ययावत असते. ग्राहकाकडून पूर्णत्वाचे प्रमाणपत्र काम संपताच मागून घ्यावे. संबंधित अधिकाऱ्याची बदली झाल्यावर ते मिळवणे फार कठीण जाते. दरपत्रकाची एक्सेल फाइल ई-निविदा पोर्टलवरून उतरवलेली तीच वापरायची, तिचे नाव बदलायचे नाही आणि मोकळ्या ठेवलेल्या चौकटींबाहेर हात लावायचा नाही, कारण तसे केल्यास बोली नाकारली जाऊ शकते. तांत्रिक प्रस्ताव आणि दर पोर्टलवर वेगवेगळ्या लिफाफ्यांत द्यायचे असतात; दर चुकूनही तांत्रिक लिफाफ्यात जाऊ नयेत म्हणून त्या लिफाफ्यातील प्रत्येक पीडीएफ दुसरी व्यक्ती उघडून पाहते. आषाढातील पावसात वीज जाते, चतुर्थीच्या दिवसांत लेखापालापासून नोटरीपर्यंत कोणीही भेटत नाही, आणि पोर्टल फक्त सर्व्हरचे घड्याळ मानते. त्यामुळे शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी बोली सादर करायची हा आमचा नियम आहे आणि डिजिटल सहीच्या टोकनाची मुदत त्याआधीच तपासली जाते.

दर ठरवताना गुणांचे सूत्र समोर हवे. तांत्रिक गुणांना ७० आणि दराला ३० असे वजन असेल, आपले तांत्रिक गुण ९० आणि दर पंचवीस लाख असेल, आणि सर्वांत कमी दर वीस लाखांचा, ७५ गुणांच्या बोलीचा असेल, तर नेहमीच्या सूत्राने (तांत्रिक गुणांचे ७० टक्के, अधिक सर्वांत कमी दराला आपल्या दराने भागून येणाऱ्या आकड्याची ३० पट) आपली बेरीज ६३ अधिक २४, म्हणजे ८७, आणि समोरच्याची ५२.५ अधिक ३०, म्हणजे ८२.५ होते. हे गणित समोर असले की घाबरून दर पाडण्याची गरज उरत नाही. जेथे केवळ किमान दराला काम मिळते, तेथे मात्र उशिराचा दंड, बँक हमीचा खर्च आणि देयके हाती येईपर्यंतचे पगार धरून जो आकडा निघतो त्याखाली आम्ही जात नाही, कारण तोट्यात घेतलेल्या कामाची देखभाल नीट होत नाही आणि त्याचा त्रास शेवटी अर्जदाराला होतो.

काम न मिळाल्यास आम्ही खात्याकडे लेखी कारण विचारतो आणि पोर्टलवरील मूल्यमापनाचा तपशील उतरवून घेतो. ज्या कलमात गुण कमी पडले, त्या कलमाचे उत्तर तक्ता भरणारे सहकारी पुन्हा लिहून ठेवतात. सध्या आमच्या टेबलावर एका खात्याच्या अर्ज व्यवस्थापन प्रणालीची निविदा आहे. पात्रतेचे प्रकरण वाचून झाले आहे आणि बोलीपूर्व बैठकीसाठीच्या प्रश्नांची यादी तयार होत आहे.